झाडांची साथ आणि नकाशाचे भाकीत

२०१० नंतरच्या दशकात मुंबईच्या अनेक रस्त्यांवर एक खिन्न करणारे दृश्य दिसू लागले. ऐन पावसाळ्यात आसपासची सारी झाडे हिरवीगार झालेली असताना मोठमोठे वर्षावृक्ष मात्र निष्पर्ण होऊन उभे होते. ज्यांच्या सावलीत बसथांब्यांवरील रांगा उभ्या राहिल्या, ज्यांच्या बुंध्याशी चांभारांनी आणि रसवाल्यांनी आपापले संसार चालविले, ती झाडे एकामागून एक वाळत गेली. वाळलेल्या झाडांवर यथावकाश करवत चालली. अशा वेळी मेलेल्या झाडांची मोजदाद होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात, संबंधितांना जाब विचारला जातो. पुढची पाळी कोणत्या झाडांची, हा खरा प्रश्न मात्र मागेच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची एक पद्धत आता जगात चांगलीच विकसित झाली आहे. संगणकावरील नकाशा आणि गणिती प्रतिमान यांची सांगड घालून झाडांची साथ कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि कोणत्या मोसमात पसरेल, याचे अनुमान बांधणे आज शक्य आहे. मुंबईच्या दृष्टीने विशेष असे की, या विद्येची साधने शहराबाहेर शोधण्याची गरज नाही. ती पवईत आहेत. साधने पवईत आणि झाडेही पवईत, तरीही दोहोंमध्ये एक दुवा निखळलेला आहे. तो कोणता, हे पाहण्यासाठी प्रथम ही विद्या थोडी समजून घेतली पाहिजे.

वर्षावृक्षाला पुष्कळ जण विलायती शिरीष म्हणतात. तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. झपाट्याने वाढणारा, छत्रीसारखा पसरणारा आणि दिवस मावळताच पाने मिटून घेणारा हा वृक्ष रस्त्याकडेच्या सावलीसाठी सोयीचा ठरला आणि त्याच्या रांगाच्या रांगा लावल्या गेल्या. त्याच्या मृत्यूचे कारण म्हणून प्रामुख्याने बोट दाखविले गेले ते पिठ्या ढेकणाकडे. अंगावर पिठासारखे पांढरे मेणचट आवरण असलेला हा किडा कोवळ्या फांद्यांतील रस शोषतो. त्याच्या शरीरातून गोड, चिकट स्राव पाझरतो. त्या गोडीला लालचावलेल्या मुंग्या त्याचे शत्रूंपासून रक्षण करतात, आणि त्याच स्रावावर काजळीसारखी काळी बुरशी वाढून पानांचा प्रकाश अडवते. अंड्यांतून नुकतीच निघालेली पिले इतकी हलकी असतात की, ती वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर जाऊन पोहोचतात. दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या असतील, तर त्यांना वाऱ्याचीही गरज पडत नाही. किडलेल्या फांद्या छाटून उघड्या मालमोटारीतून नेल्या, तर माणूस स्वतःच त्यांना गावभर फिरवून आणतो.

नकाशातील चौकटी

हे सारे तपशील प्रतिमानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत, कारण प्रतिमान म्हणजे दुसरे तिसरे काही नसून अशाच तपशिलांची शिस्तबद्ध बेरीज असते. प्रथम शहराच्या नकाशावर सारख्या आकाराच्या चौकटी आखल्या जातात. प्रत्येक चौकटीत रोगाला बळी पडू शकणारी झाडे किती आणि त्यांपैकी किती आजच ग्रासलेली आहेत, हे नोंदविले जाते. त्यानंतर त्या चौकटीतील तापमान, पाऊस, आर्द्रता आणि वाऱ्याचा रोख यांची भर पडते. मग संगणकाला काही नियम सांगितले जातात. ग्रासलेल्या झाडापासून जवळच्या झाडाला लागण होण्याचा संभव अधिक, दूरच्या झाडाला कमी. पण वारा किंवा वाहन यांच्यामुळे क्वचित एखादी लांब उडीही घेतली जाते. कोरड्या, उष्ण महिन्यांत किड्यांची पैदास वाढते, मुसळधार पावसात पुष्कळशी धुऊन जाते.

एवढी सामग्री दिल्यावर संगणक साथीचा खेळ आठवड्यामागून आठवडा खेळून पाहतो. निसर्गात योगायोगाला स्थान असल्यामुळे हा खेळ एकदाच खेळून भागत नाही. तो हजार वेळा खेळावा लागतो. समजा, हजारांपैकी सातशे वेळा एखाद्या चौकटीतील झाडांना मे महिन्याच्या अखेरीपर्यंत लागण झाली, तर त्या चौकटीचा धोका शेकडा सत्तर मानला जातो आणि नकाशावर ती गडद रंगात दाखविली जाते. म्हणजे या नकाशाचे सांगणे ज्योतिषाच्या ठाम भविष्यासारखे नसते. ते वेधशाळेच्या अंदाजाच्या जातीचे असते. 'उद्या पाऊस पडण्याची शक्यता अधिक' असे वेधशाळेने सांगितल्यावर शहाणा माणूस छत्री घेतो. पाऊस न पडल्यास वेधशाळा बंद करा, अशी मागणी करीत नाही.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी कॅलिफोर्नियात स्पष्ट झाल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथील ओक वृक्ष अकस्मात मरू लागले. २००० साली त्यामागील बुरशीसदृश सूक्ष्मजीव ओळखला गेला. पुढील संशोधनात असे दिसले की, ओक हा या रोगाचा बळी असला तरी त्याचा खरा प्रसारक दुसराच आहे. बे लॉरेल नावाच्या झाडाच्या पानांवर हा जीव भरभरून वाढतो, पण ते झाड स्वतः मरत नाही. म्हणून मरणाऱ्या झाडांचाच नकाशा काढणाऱ्याला साथीचा मार्ग कधीच कळला नसता. वाहक झाडेही नकाशावर आणावी लागली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने संगणकी प्रतिमानाच्या आधारे असा निष्कर्ष काढला की, संपूर्ण राज्यातून या रोगाचे उच्चाटन करण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे. निवडक ठिकाणची वने वाचविता येतील, एवढीच आशा उरली होती. गणित अचूक होते, पण ते मांडले गेले तेव्हा घोडे पुष्कळ पुढे गेले होते. साथीच्या नकाशाचे मोल तो किती सुबक आहे यापेक्षा तो किती वेळेवर हाती येतो यावर ठरते, हा त्यातील धडा.

पवईची पुंजी

आता पवईकडे वळू. १९५८ साली स्थापन झालेल्या येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत 'मिन्स्क' हा सोव्हिएत बनावटीचा संगणक १९६० च्या दशकातच आला होता. १९७६ साली याच संस्थेत साधनसंपत्ती अभियांत्रिकीचे अभ्यासकेंद्र सुरू झाले आणि उपग्रहांवरून घेतलेल्या चित्रांचा उपयोग करून जमीन, पाणी, पिके आणि वने यांचा अभ्यास तेथे होऊ लागला. नकाशे हाताळणारी 'ग्रॅम प्लस प्लस' ही संपूर्ण देशी संगणकप्रणाली याच केंद्रात तयार झाली. इतकेच नव्हे, तर २०१० नंतरच्या काही वर्षांत तेथील संशोधकांनी भुईमुगाच्या शेतात बिनतारी संवेदक बसवून हवामान आणि पानांवरील टिक्का रोग यांचा संबंध तपासला. रोगाचे भाकीत ही कल्पना पवईला परकी नाही, हे यावरून दिसेल.

झाडांच्या बाबतीतही मुंबई कोरी पाटी नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा १९७५ पासून अमलात आहे. त्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणावर दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची जबाबदारी टाकली आहे. मुंबईच्या २०१८ साली जाहीर झालेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली, आणि ती मोजताना उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचा वापर झाला. म्हणजे झाड कोणते आणि ते कोठे उभे आहे, या प्रतिमानाच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याची तजवीज शहराने केलेली आहे. पुष्कळ श्रीमंत शहरांनाही एवढी सामग्री सहजी लाभत नाही.

मग अडते कोठे? अडते ते तिसऱ्या प्रश्नापाशी. झाड आज कसे आहे, हा तो प्रश्न. उष्ण हवेत पिठ्या ढेकणाची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. दोन वृक्षगणनांमध्ये पाच वर्षांचे, म्हणजे साठ महिन्यांचे अंतर असते. त्या अवधीत किड्यांच्या कित्येक पिढ्या उलटतात, साथ येते, झाडे मरतात, कापली जातात, आणि पुढच्या गणनेत त्यांच्या जागी केवळ एक रिकामी जागा आढळते. पाच वर्षांतून एकदा काढलेले छायाचित्र पाहून कोणी वैद्य रोग्याच्या तापाचा चढउतार सांगू शकणार नाही. संगणक तरी तो कसा सांगणार? उपग्रहाची चित्रे अधिक वेळा मिळतात हे खरे, परंतु वरून पाहताना झाडाचा शेंडा सुकलेला दिसू लागतो तेव्हा खाली बुंध्याशी रोग जुना झालेला असतो. पानाच्या मागे लपलेला पांढरा ठिपका दिसतो तो झाडाखाली उभे राहून मान वर करणाऱ्यालाच.

शेतीतला आदर्श

हे काम अशक्य कोटीतले आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला महाराष्ट्राच्या शेतीखात्याचे उदाहरण दाखविता येईल. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा हल्ला झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे ज्याला शेतकरी 'क्रॉपसॅप' म्हणून ओळखतात तो, सुरू झाला. ठरावीक गावांतील ठरावीक शेतांवर कीड-सर्वेक्षक जातात, किड्यांची संख्या मोजतात, ती संगणकावर नोंदवितात, आणि संख्येने धोक्याची पातळी ओलांडली की त्या भागातील शेतकऱ्यांना सल्ला पाठविला जातो. पुढे आंबा, डाळिंब, संत्री अशा फळझाडांनाही ही व्यवस्था लागू झाली. डाळिंबाच्या झाडाला जो पहारा मिळतो तो रस्त्यावरच्या वर्षावृक्षाला मिळत नाही, याचे कारण उघड आहे. डाळिंबाचा बाजारभाव आहे, सावलीचा नाही. परंतु बाजारभाव नसणे आणि किंमत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैशाखाच्या उन्हात पवईहून विक्रोळीच्या किंवा कांजूरमार्गच्या स्थानकाकडे पायी निघालेल्या माणसाला सावलीची किंमत सांगावी लागत नाही.

पहाऱ्याचा आणखी एक लाभ म्हणजे किड्याची नेमकी ओळख पटणे. २००८ साली कोइम्बतूर येथे पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात प्रथम नोंदला गेला आणि अल्पावधीत तो अनेक राज्यांत पसरला. जात नक्की झाल्यामुळेच तिचे नैसर्गिक शत्रू शोधता आले. २०१० साली प्वेर्टो रिकोहून तीन जातींचे सूक्ष्म परोपजीवी कीटक आणून सोडण्यात आले आणि ही कीड आटोक्यात आली. विषारी फवारा शहरात, शाळांच्या आणि घरांच्या खिडक्यांलगत, वापरणे धोक्याचे असते. मित्रकीटक कोठे आणि केव्हा सोडावेत, हे सांगणारा नकाशा त्या दृष्टीने किती उपयोगी पडेल, हे वेगळे सांगायला नको.

नकाशाचे हत्यार होऊ नये

तथापि या विद्येचा एक धोकाही आहे, आणि तो दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नकाशावरील गडद चौकट ही इशारा असते. ती शिक्षापत्र ठरू नये. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात लिंबूवर्गीय झाडांवरील कँकर रोगाचे निर्मूलन करण्याची मोहीम १९९५ पासून चालली. एका अभ्यासाच्या आधारे तेथे असा नियम झाला की, रोगट झाडापासून १,९०० फुटांच्या आत असलेली सर्व लिंबूवर्गीय झाडे, निरोगी दिसत असली तरी, तोडावीत. लोकांच्या परसातील संत्र्या-लिंबांची झाडे सरकारी माणसांनी तोडली. नागरिक न्यायालयात गेले, भरपाईचे दावे वर्षानुवर्षे चालले. मध्यंतरी २००४ साली आलेल्या वादळांनी रोगाचे जंतू दूरदूरवर नेऊन टाकले आणि २००६ साली निर्मूलनाची मोहीमच सोडून द्यावी लागली. तोपर्यंत मळ्यांतील आणि परसांतील मिळून लाखो झाडे गेली होती. त्या १,९०० फुटांच्या आकड्यामागे शास्त्र होते. परंतु शास्त्राने दिलेल्या संभाव्यतेचे प्रशासनाने सरसकट आज्ञेत रूपांतर केले आणि लोकांचा विश्वास गमावला.

मुंबईत या गोष्टीचा विचार अधिकच सावधपणे करावा लागेल. येथे झाड तोडण्याला निमित्त हवे असणाऱ्यांची वाण नाही. रस्तारुंदी, इमारतीची पुनर्बांधणी, फलकाआड येणारी फांदी, अशा कारणांत 'संभाव्य रोगट' या आणखी एका कारणाची भर पडली, तर साथीने जितकी झाडे मरतील त्याहून अधिक नकाशाने मरतील. म्हणून नकाशा तयार करण्यापूर्वीच त्याच्या वापराचे नियम ठरले पाहिजेत. गडद चौकटीतील झाडाची प्रथम प्रत्यक्ष पाहणी व्हावी. मग फांद्यांची छाटणी, मुंग्यांचा बंदोबस्त, मित्रकीटक असे उपाय व्हावेत. तोडणी हा अखेरचा मार्ग असावा. आणि नकाशा कोणत्या गृहीतांवर उभा आहे, हे नागरिकांना पाहता यावे. २०२० च्या महासाथीत संसर्गाच्या आलेखांची भाषा घरोघरी पोहोचली. नामवंत प्रतिमाने चुकू शकतात, हेही लोकांनी तेव्हा पाहिले. चूक होणे क्षम्य आहे. चुकीची शक्यता लपविणे मात्र क्षम्य नाही.

येथे एका आक्षेपाचीही दखल घेतली पाहिजे. झाडे किड्याने मरत नसून बुंध्याभोवती गळ्यापर्यंत ओतलेल्या सिमेंटने, रस्ते खणताना तोडलेल्या मुळांनी आणि धुराने मरतात. किडा हा केवळ निमित्तमात्र, असे अनेक वृक्षप्रेमी मानतात. या म्हणण्यात तथ्य आहे. दुबळ्या झाडावर कीड लवकर माजते, हे माळीही सांगेल. पण हा आक्षेप नकाशाच्या विरुद्ध जात नसून त्याच्या बाजूचा आहे. बुंध्याभोवती माती मोकळी आहे की नाही, शेजारी अलीकडे खोदकाम झाले का, ही माहितीही चौकटीत भरली, तर सिमेंटमध्ये जखडलेली झाडे अधिक मरतात की नाही याचा निवाडा वादाने होण्याऐवजी पुराव्याने होईल. तसे सिद्ध झाले, तर औषधफवारणीच्या निविदेपेक्षा कुदळ आणि पहार घेऊन बुंधे मोकळे करणे हाच स्वस्त आणि खरा उपाय ठरेल.

पाहणार कोण?

राहता राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. लक्षावधी झाडांखाली दरमहा जाऊन पाहणार कोण? सर्व झाडे पाहण्याची गरजच नसते, हे प्रतिमानाचे मोठे देणे. क्रॉपसॅप ज्याप्रमाणे ठरावीक शेते पाहते, त्याप्रमाणे शहरातील नेमकी कोणती झाडे पाहिली असता साथीची चाहूल सर्वांत आधी लागेल, हेही गणिताने काढता येते. कॅलिफोर्नियात २००८ पासून सामान्य नागरिक ठरलेल्या दिवसांत बाहेर पडून संशयित पाने गोळा करतात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांची तपासणी होते आणि निष्कर्ष नकाशावर चढतात. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एल्म वृक्षांवरील डच रोगाने कोट्यवधी झाडे गिळंकृत केली. पण ब्रायटन शहरात आजही हजारो एल्म उभे आहेत. तेथे वाचविले ते मुख्यतः सततच्या पाहणीने आणि रोगट भाग वेळीच काढून टाकण्याच्या शिस्तीने. नकाशाला पर्याय असू शकतो, नजरेला नाही.

पवईत आणि तिच्या आसपास शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, तंत्रविज्ञान संस्थेचे विद्यार्थी आहेत, निवृत्तीनंतर तलावाकाठी पहाटे फिरायला जाणारे नागरिक आहेत. जीवशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाने आपल्या वर्गाला शाळेजवळची दहा झाडे नेमून दिली, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी विद्यार्थ्यांनी पाने उलटून पाहिली, पांढरे ठिपके, मुंग्यांच्या रांगा, काजळी आणि बुंध्याभोवतीची माती यांची एका ठरावीक तक्त्यात नोंद केली, तर वर्षाअखेरीस त्या वहीत जे जमेल ते कोणत्याही उपग्रहाला मिळण्यासारखे नाही. 'काही आढळले नाही' ही नोंदही तितकीच मोलाची, कारण साथ कोठे पोहोचलेली नाही हे कळल्याखेरीज ती कोठे चालली आहे हे कळत नाही. अशा वह्या स्वीकारणारी, तपासणारी आणि नकाशावर चढविणारी जागा मात्र हवी. ती निर्माण करणे हे महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण आणि पवईची संस्था यांच्या आवाक्यातले काम आहे. त्यासाठी नवा कायदा नको, परदेशी यंत्र नको. दोन कार्यालयांमध्ये माहितीची नियमित देवाणघेवाण हवी आणि ती माहिती लोकांसाठी खुली हवी.

वाळून गेलेले वर्षावृक्ष आता परत येणार नाहीत. त्यांच्या जागी लावलेल्या रोपांना तशी सावली धरायला एक पिढी जाईल. पुढील साथ वर्षावृक्षावर येईल, गुलमोहोरावर येईल की आंब्यावर, हे कोणत्याही संगणकाला आज सांगता येणार नाही, कारण त्याला सांगण्यासारखे कोणी काही पाहिलेलेच नाही. ते पाहण्याचे काम या मोसमात सुरू झाले, तरच पुढचा नकाशा झाडे उभी असताना हाती येईल.